बाबांचा पंचाहत्तरावा : पुण्याजवळ गार्डन रेस्टॉरंट सुचवा (आणि तुमचे किस्सेही चालतील)

खारीबिस्कीट

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बाबांचा पंचाहत्तरावा आहे. हॉल, शाल-श्रीफळ, तुला वगैरे सगळं त्यांनी आधीच उडवून लावलंय ("पेढ्यांनी काय तोलताय, शुगर बघा माझी"), घरी करायचं तर फ्लॅट दोन बेडरूमचा आणि माणसं एकवीस, त्यातली पाच पोरं, त्यामुळे मी म्हटलं की रात्रीचं जेवण कुठेतरी गार्डन रेस्टॉरंटला करू, मस्त लॉन असेल, पोरं पळतील, मोठी माणसं गप्पा मारतील.

गार्डनच का, तर आम्ही लहान असताना म्हणजे १९९०च्या आगेमागे वार्षिक निकाल लागला की त्या रात्री बाबा आम्हाला सिंहगड रोडला एका गार्डन हॉटेलात न्यायचे. स्कूटरवर चौघं. तेव्हा त्या बाजूला अजून शेतं दिसायची, रस्त्यावर अंधार, आणि मग एकदम झाडांवर लाल-हिरवे बल्ब दिसले की आलं हॉटेल. लोखंडी टेबलं, एक घसरगुंडी, मधोमध कारंजं जे मी एकदाही चालू बघितलेलं नाही. ऑर्डर ठरलेली असायची, टोमॅटो सूप वन बाय टू दोन, एक व्हेज कोल्हापुरी, एक दाल फ्राय, रोट्या, आणि बाबा मेन्यूकार्ड उजवीकडून वाचायचे म्हणजे आधी आकडा मग पदार्थ. सुपावरचे तळलेले ब्रेडचे तुकडे मी आणि भाऊ मोजून वाटून घ्यायचो, विषम आले तर भांडण. बाकी कुठलीच पार्टी मला एवढी आठवत नाही. ते हॉटेल आता नाही, तिथे सोसायटी झालीय.

तर प्रश्न असे की कुठल्या बाजूला जावं (आम्ही कोथरूडला राहतो), मोठी आत्या ८१ वर्षांची आहे तिला गुडघ्यांमुळे जास्त चालता येत नाही, बाबांचे जुने मित्र शहाकाका-काकू येणार ते कांदा-लसूण-बटाटा खात नाहीत, डासांचं काय करतात, आणि एवढ्या लोकांना आधी मेन्यू ठरवून सांगायचा की तिथे जाऊन ऑर्डर करायची? आणि तुमच्या लक्षात राहिलेलं असं एखादं बाहेरचं जेवण असेल तर तेही सांगा, मला जरा हुरूप येईल, कारण बाबा रोज म्हणतायत की घरीच पिठलं-भाकरी करा.

बावधनचा_भाऊ

ताई, शनिवार संध्याकाळ असेल तर खडकवासल्याच्या बाजूला जाऊ नका एवढंच सांगतो. चौपाटीची गर्दी, सिंहगडावरून उतरणाऱ्या गाड्या, सगळं एकाच रस्त्यावर. आत्याबाई गाडीतच दमतील. कोथरूडहून भूगाव-पिरंगुटकडे बघा, नाहीतर बाणेर-सूसची बाजू.

जागा बघायला दुपारी जाऊ नका. दुपारी सगळीच लॉन्स हिरवीगार दिसतात. रात्री साडेआठला जाऊन बसा, एक पापड आणि सोडा मागवा, आणि बघा की टेबलावर काय चाललंय ते दिसतं का, कारण हल्ली मूड लाइटिंगच्या नावाखाली एवढा अंधार करतात की पनीर आहे का चिकन हे दाताला कळतं. पार्किंगपासून लॉनपर्यंत फरशी आहे की खडी ते बघा, खडीवर वॉकर चालत नाही (आईच्या वेळी शिकलोय, शेवटी दोन वेटरांनी खुर्चीसकट उचललं, आई आठवडाभर सगळ्यांना सांगत होती की माझी पालखी निघाली). टॉयलेट किती लांब आणि किती पायऱ्या. खुर्च्या प्लॅस्टिकच्या असतील तर आत्याबाईंना हातांची मागा आणि पाय लॉनमध्ये रुततायत का बघा, पाणी मारलेलं असलं की खुर्ची हळूहळू मागे कलते आणि म्हाताऱ्या माणसाला कळत नाही.

डासांचं : टेबलाच्या खालच्या बाजूला वारा लागेल असे दोन उभे पंखे मागून घ्या. डास उडायला एकदम लेचापेचा असतो, वाऱ्यात त्याला टिकता येत नाही, आणि चावतो तो घोट्यालाच. उदबत्त्या-धूप यांनी फक्त जेवणाला वास लागतो. पोरांना ओडोमॉस घरूनच लावून न्या, आणि ते लावलेल्या हातांनी स्टार्टर खाऊ देऊ नका.

आणि झाडाखालचं टेबल घेताना वर बघा. मोठ्या झाडावर संध्याकाळी पक्षी वस्तीला येतात. आमच्या साहेबांच्या निरोपसमारंभाला सूपमध्ये वरून जे पडलं ते क्रीम नव्हतं.

गोदाकाठची

किस्सा मागितलाय म्हणून लिहिते, सल्ला आत आहे तो शोधून घ्या.

२००८, जून, नाशिक. आमचा बघण्याचा कार्यक्रम. घरी कांदेपोहे नको, मोकळं वातावरण हवं असं मुलाकडच्यांचं म्हणणं म्हणून गंगापूर रोडच्या एका गार्डन हॉटेलात दोन्हीकडची मिळून अकरा माणसं. आदल्याच दिवशी पहिला मोठा पाऊस झालेला. मी पैठणी नेसलेली आणि लॉन ओलं, म्हणजे सगळं लक्ष काठांकडे, मुलाकडे बघितलंच नाही धड. स्टार्टर आले आणि लाइट गेले. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस, कोणाला काही वाटलं नाही, जनरेटर लागेल म्हणून बसलो तर तो चालू होईना, वेटर लोक मागे जाऊन दोरी ओढतायत, नुसता फट् फट् आवाज. मग ग्लासात मेणबत्त्या लावून आणल्या, आमच्या टेबलावर तीन.

पहिल्या पावसानंतरची पंखवाली वाळवी माहितीय ना? पूर्ण गंगापूर रोडवर तेवढाच उजेड असावा, कारण जी काही होती ती सगळी आमच्या टेबलावर. दालीत, रायत्यात, माझ्या काकूच्या अंबाड्यात. काकू उठून किंचाळतेय, बाबा मॅनेजरला बोलवा म्हणून ओरडतायत, मुलाचे मामा म्हणे हॉटेलच चुकीचं निवडलं, एकमेकांवर ढकलाढकली सुरू. आणि मुलाची आई काय करते, तर शांतपणे तिन्ही मेणबत्त्या उचलून पलीकडच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवते, दालीच्या हंडीवर ताट पालथं घालते, आणि म्हणते दिवा लांब ठेवा हो, त्या दिव्याला आल्यात, तुमच्याकडे नाही. दोन मिनिटांत सगळी वाळवी तिकडे. आम्ही अंधारात जेवलो, हाताने चाचपत, रोटी कुठली भाजी कुठली, आणि खरं सांगते सगळे एवढे हसत होते की लग्न ठरलंय हे कोणी बोललंच नाही वेगळं.

मुलगा कसा दिसतो ते मी दुसऱ्या दिवशी फोटोत बघितलं. होकार मी सासूबाई बघून दिला होता. अजून पस्तावलेली नाही.

रंकाळ्यावरचा

काय ओ ताई, व्हेज कोल्हापुरीची आठवण काढलीत. ही भाजी आमच्या कोल्हापुरात घरात कोण करत नाही, तुमच्या पुण्याच्या हॉटेलांनी काढलेली हाय, लाल रंग आन वर एक मिरची खोचली की झालं कोल्हापूर 😄

बाहेर बसून जेवणार म्हणजे एकच गोष्ट सांगतो, नोव्हेंबरात गार पडतंय, जेवण गरम ऱ्हात नाही. आमी पन्हाळ्याकडं जाताना बसतो बघा मळ्यात, थंडीच्या दिवसात, तिथं ठरलेलं असतंय. तांबडा-पांढरा एकदम आणायचा नाही. वाटी मोठी घ्यायची नाही. अर्धी वाटी पांढरा, गरम, तोंड भाजंल असा, तो संपवायचा आन परत मागायचा. गार झाला की वर चरबी धरती, मग त्यो रस्सा ऱ्हात नाही, मेणबत्ती हुतीया. भाकरी पण तशीच, एका वेळी एक. तुमच्यातल्या रोट्यांचं पण तेच. एकवीस माणसाला चाळीस रोट्या एकदम सांगितल्या की पहिल्या दोघांना रोटी मिळती, बाकीच्यांना चामडं. वेटरला सांगून ठेवा दर पाच मिनिटाला आठ-आठ आण, आमी नको म्हणंपर्यंत. त्याला सुरवातीलाच शंभर रुपये द्या, शेवटी देऊन काय उपेग.

मसाला पापड बाहेर मागवू नका. दव पडतंय, टेबलावर यीपर्यंत त्याचा रुमाल हुतोय.

चौकस

खारीबिस्कीट, शहाकाका चौविहार पाळतात का ते विचारलंत का? पाळत असतील तर कांदा-लसूण हा लहान प्रश्न आहे. सूर्यास्तानंतर ते पाणीसुद्धा पिणार नाहीत, आणि पुण्यात नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तुमचं जेवण आठला.

खारीबिस्कीट

अगं बाई. आत्ता फोन केला काकूंना. पाळतात. दोघंही. आणि म्हणाल्या "आम्ही नुसते बसू गं, तू नको काळजी करू". म्हणजे बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांचा पन्नास वर्षांचा मित्र नुसता बसणार. आता काय करू?

चौकस

काही अवघड नाही. हॉटेलवाल्याशी बोला. बहुतेक ठिकाणी रात्रीचं किचन सातला चालू होतं, पण स्टाफ चारपासून कापाकापी करतच असतो, दोन माणसांचं साधं ताट सव्वापाचला द्यायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त मालकाशी बोला, फोनवरच्या पोराशी नाही. तंदूर तेव्हा तापलेला नसतो म्हणून रोटी-नान मागू नका, तव्यावरचे फुलके सांगा. भाजी कच्च्या केळ्याची किंवा ढोबळी मिरची-टोमॅटो, तूरडाळीचं वरण, भात. ग्रेव्हीची भाजी मुळीच नको, कारण हॉटेलची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात होते आणि तिचा पायाच कांदा असतो, "जैन करून देतो" म्हणजे वरून कांदा घालत नाही एवढंच कधीकधी.

इझारकाठची_मावशी

म्युनिकहून लिहितेय, तुमच्या कामाचं नाही पण किस्सा म्हणून घ्या. आपल्याकडे हॉटेलच्या दारातच पाटी असते, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. इथल्या जुन्या बिअर गार्डनमध्ये उलटं, डबा घेऊन जायचा. फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं आणि ज्या टेबलावर टेबलक्लॉथ नाही तिथे बसायचं. कारण मोठं गमतीचं आहे, १८१२ साली बव्हेरियाच्या राजाने बिअरवाल्यांना त्यांच्या तळघरांपाशीच बिअर विकायची परवानगी दिली, पण खानावळवाल्यांची ओरड होती म्हणून पावाशिवाय खाणं विकायचं नाही असं घातलं. मग लोक घरून डबे आणायला लागले ते आजतागायत. वर चेस्टनटची मोठाली झाडं असतात, तीही मुळात खालची तळघरं गार राहावीत म्हणून लावलेली.

आईबाबा आले होते तेव्हा जुलैत नेमकी आषाढी आली आणि माझ्या नवऱ्याने त्यांना हिर्शगार्टन दाखवायचं ठरवलेलं. साधारण आठ हजार माणसं बसतात तिथे, बाजूलाच कुंपणात हरणं. आई म्हणाली मी एकादशीच्या दिवशी गुत्त्यात येणार नाही. शेवटी डब्यात साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि दाण्याचा लाडू घेऊन आली. सगळीकडे लिटर-लिटरचे मग आणि मध्ये आमचा स्टीलचा डबा. शेजारच्या टेबलावर चामड्याची चड्डी घातलेले एक आजोबा, ते डब्याकडे बघत होते म्हणून आईने झाकणात खिचडी काढून दिली. त्यांनी खाल्ली, मान हलवली, आणि परतफेड म्हणून त्यांच्याकडचा पांढरा मुळा दिला, इथे तो स्प्रिंगसारखा गोल गोल कापून मीठ लावून खातात. आईने मुळा हातात घेतला आणि मला मराठीत विचारते, मुळा उपासाला चालतो का गं? चालत नाही. मग तिने तो रुमालात बांधून घरी आणला आणि द्वादशीला त्याची कोशिंबीर करून पारणं सोडलं. रात्री नऊ वाजता ऊन होतं तिथे. बाबा अजून त्या जागेला "आपलं पंढरपूर" म्हणतात.

बिलवाचक

एक रुक्ष प्रतिसाद. एकवीस माणसांच्या बिलावर खाली "सर्व्हिस चार्ज १०%" छापून आलं तर गुपचूप देऊ नका. तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या, हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सूचना कायम ठेवल्या. काढा म्हटलं की काढावा लागतो, नाही काढला तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. जीएसटी साध्या रेस्टॉरंटला ५%, एसी असो की लॉन, नोव्हेंबर २०१७ पासून एकच. टिप वेगळी, ती वेटरच्या हातात द्या. अॅडव्हान्स दिलात तर पावतीवर तारीख, माणसं आणि "पाऊस आल्यास आत व्यवस्था" हे लिहून घ्या. नोव्हेंबरात पाऊस येत नाही असं म्हणणारी माणसं मी भिजलेली बघितली आहेत.

खारीबिस्कीट

झालं जेवण! उशिरा लिहितेय सॉरी, भाऊ परत जाईपर्यंत घरात नुसता धुडगूस होता.

भूगावच्या पुढची एक जागा घेतली, तीन ठिकाणी रात्री जाऊन सोडा पिऊन आले आधी 😀 पार्किंगपासून फरशी, टेबलांच्या वर बुचाची झाडं. मी वर बघितलं होतं, पक्षी नव्हते, पण बूच नोव्हेंबरात फुलतं हे डोक्यातच आलं नाही. सगळी लांब देठांची पांढरी फुलं टपटप ताटात. वेटर बिचारा दर दोन मिनिटांनी उचलून नेत होता तर आत्या म्हणाली राहू दे रे, आणि तिने पदरात गोळा करून एकात एक देठ गुंफत वेणी करायला घेतली, दोरा नाही सुई नाही, पाचही पोरं घसरगुंडी सोडून तिच्याभोवती. जेवण येईपर्यंत तीन वेण्या झाल्या. एक आत्याने बाबांच्या टोपीला गुंडाळली, ती त्यांनी काढली नाही, फोटोत सगळीकडे आहे.

शहाकाका-काकू आणि मी पाचलाच पोचलो. मालक भला माणूस, स्वतः किचनमध्ये उभा राहिला. फुलके, केळ्याची भाजी, वरण-भात, आणि त्याने आपणहून दुधी हलवा दिला. काकांनी पावणेसहाला हात धुतले, शेवटचं पाणी प्यायले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले चला, आता मी मोकळा. आणि खरंच तेच झालं, आठ वाजता बाकी सगळ्यांच्या तोंडात घास, बोलायला मोकळे फक्त तेच (काकू मुळात बोलत नाहीत). दोन तास एकटे बोलत होते.

त्यांनीच सांगितलं की आमचे निकाल तीस एप्रिल नाहीतर एक मेला लागायचे म्हणजे महिनाअखेर, बाबांच्या खिशात काही नसायचं, तर बाबा आदल्या दिवशी त्यांच्या दुकानात जाऊन शंभर रुपये घ्यायचे आणि पगार झाला की परत. दर वर्षी. एका वर्षी काकांनी चेष्टेत विचारलं की पोरं नापास झाली तर? बाबा म्हणाले तर दीडशे लागतील, आइस्क्रीमपण द्यावं लागेल. आम्हाला कोणाला हे माहीत नव्हतं, आईलासुद्धा. सगळे बाबांकडे बघायला लागले तर बाबा काय म्हणतात, "परत दिलेत ना? मग?" आणि रोटी मोडायला लागले. रोटी गरम होती, रंकाळ्यावरचे दादा, आठ-आठ करून आणवल्या, शंभर रुपये आधी दिले, धन्यवाद.

टोमॅटो सूप वन बाय टू मागवलंच मी आणि भावाने. वेटर म्हणाला मॅडम हल्ली कोणी मागत नाही, पूर्ण घेतात. ब्रेडचे तुकडे अकरा आले. भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा आहे, अमेरिकेत टीम लीड आहे, त्याने सहा घेतले.

डास चावले, पंखे असूनही, पण कमी. सर्व्हिस चार्ज नव्हता. बाबांनी बिल तीनदा बघितलं आणि दोन सोडे लावायचे राहिलेत म्हणून वेटरला परत बोलावलं, तोवर आम्ही सगळे पार्किंगमध्ये कुडकुडत उभे.

गोदाकाठची

तुझ्या बाबांना नमस्कार सांग. आणि त्या टोपीचा फोटो टाक.

बावधनचा_भाऊ

लय भारी झालं. हॉटेलचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना, आणि पार्किंगमध्ये गाड्या किती बसतात? आमच्याकडे डिसेंबरात डोहाळजेवण आहे, पंचेचाळीस माणसं.